लोणारच्या काठावर घण आणि जिओफोन : अर्जापासून व्हायव्हापर्यंत

एमएस्सी जिओफिजिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध मी लोणारवर केला. विवराच्या काठाबाहेर उडालेल्या दगडमातीचा जो थर पसरलाय, त्याची जाडी सेस्मिक पद्धतीने, म्हणजे जमिनीत कंपनांच्या लाटा सोडून, मोजायची, एवढाच विषय. सुरुवातीला शोधाशोध केली तेव्हा लोणारवरचे शोधनिबंध ढिगाने मिळाले. पण अर्ज कुणाच्या नावाने करायचा, शेतात केबल पसरायची तर कुठल्या महिन्यात जायचं, लाट उठवायला जमिनीवर मारायचा घण किती किलोचा घ्यायचा, हे कुठेच सापडलं नाही. तेवढ्यासाठी हे लिहितेय.

जुलै २०२३ मध्ये विषय ठरला. मला खरं तर तळ्याच्या खाली काय आहे ते बघायचं होतं. कुणालाही आधी तेच सुचतं. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आत बोअर घेतले गेले, तेव्हा सुमारे शंभर मीटर गाळ आणि त्याखाली फुटून चुरा झालेला बेसाल्ट, म्हणजे इथला काळा लाव्हाचा खडक, निघाला. त्यात मॅस्केलिनाइट सापडलं, म्हणजे प्रचंड दाबाच्या धक्क्याने काच झालेलं फेल्डस्पार हे खनिज. ज्वालामुखी की उल्का, हा जुना वाद १९७३ च्या ‘सायन्स’मधल्या निबंधाने जवळपास मिटवला. पण बोअर म्हणजे एका जागी टोचून बघणं. दोन बोअरच्या मधे काय आहे, ते लाटा सोडल्याशिवाय कळत नाही.

तत्त्व सोपं आहे. अखंड, घट्ट बेसाल्टमधून पी-लाटा (सगळ्यात आधी पोचणाऱ्या दाबाच्या लाटा) सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने जातात. त्याच बेसाल्टला भेगा पडल्या की वेग बराच उतरतो, चुरा झाला की आणखी उतरतो. म्हणजे खडक तोच, पण वेगावरून तो किती मोडलाय ते कळतं. मेक्सिकोच्या चिक्शुलूब विवरावर १९९६ आणि २००५ साली जहाजांवरून एअरगनने असे मोठे सर्व्हे झाले. तिथे विवराच्या आतल्या डोंगरकड्याचे खडक संथ वेगाचे दिसले. २०१६ मध्ये त्याच कड्यात बोअर घेतला तर खोलवरून उचलला गेलेला ग्रॅनाइट निघाला, आणि तोही इतका भेगाळलेला की नेहमीच्या ग्रॅनाइटपेक्षा हलका आणि मंद. हे सगळं मी उत्साहाने माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते म्हणाले, “छान. जहाज आहे का तुझ्याकडे?”

विभागाकडे होता कंपनं नोंदवणारा चोवीस चॅनेलचा सेस्मोग्राफ, जमिनीत रोवून कंपनं टिपणारे चोवीस जिओफोन, दोन केबल आणि एक घण. एवढ्या सामानात किती खोल दिसतं याचा अंदाज आधीच बांधता येतो. पाच-पाच मीटरवर जिओफोन लावले की ओळ ११५ मीटरची होते, आणि रिफ्रॅक्शनमध्ये (खालच्या वेगवान थरातून वळून वर परतणाऱ्या लाटा वापरायच्या पद्धतीत) ओळीच्या लांबीच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकंच खोल खात्रीने दिसतं. म्हणजे वीस-पंचवीस मीटर. शंभर मीटर गाळाखालचा विवराचा खरा तळ याने दिसणार नाही. काठाबाहेरचा थर मात्र या टप्प्यात येतो. तो काठापासून सव्वा किलोमीटरहून जास्त पसरलाय आणि बाहेरच्या बाजूला अगदी मंद उताराने उतरत जातो. सर्वसाधारण ठोकताळा असा की विवराच्या केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की या थराची जाडी आठव्या हिश्श्यावर येते. लोणारमध्ये हे कितपत जुळतं, ते बघायचं ठरलं. मला सुरुवातीला जरा कमीपणा वाटला. नंतर वाचलं की १९७१ मध्ये अपोलो १४ च्या अंतराळवीराने चंद्रावर हेच केलं होतं. जिओफोनची ओळ मांडायची आणि हातातल्या दांड्यातून छोटे बार काढत त्या ओळीने चालत जायचं. त्यातले काही बार फुसके गेले, तरी वरची सैल माती साडेआठ मीटर जाड आणि तिच्यातला वेग सेकंदाला अवघा १०४ मीटर, हे त्यातूनच निघालं. ती जागाही एका अवाढव्य विवरातून उडालेल्या मालाचीच. तेव्हापासून घणाबद्दल आदर वाटायला लागला.

आता परवानगी. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, म्हणून सविस्तर.

लोणार सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे. अभयारण्याच्या हद्दीत कसलंही संशोधन करायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळतो, त्यांचं कार्यालय नागपूरला. अर्ज मात्र आपण थेट पाठवून बसू नये. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, दोन पानी प्रस्ताव, कामाच्या तारखा, प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश असलेला नकाशा, येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आणि सामानाची यादी एवढं जोडून द्यावं, आणि एक प्रत स्थानिक वनाधिकाऱ्यांकडे स्वतः जाऊन द्यावी. पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये. शिवाय तळ्याभोवती पुरातत्त्व खात्याची संरक्षित देवळं आहेत, म्हणून नकाशावर प्रत्येक देवळापासूनचं अंतर लिहून ठेवलं. ते कुणी मागितलं नव्हतं, पण पुढे तेच पान सगळ्यांनी आधी उघडलं.

ऑगस्टच्या मध्यावर अर्ज गेला. सप्टेंबर संपत आला तरी काही नाही. मग विचारणा आली : स्फोटके वापरणार का? मी प्रस्तावात ‘सेस्मिक सोर्स’ असा शब्द वापरला होता. उत्तरादाखल आम्ही पत्र दिलं की सोर्स म्हणजे आठ किलो वजनाचा लोखंडी घण, तो धातूच्या पाटीवर हाताने मारला जाईल, खड्डा खणला जाणार नाही, कसलंही रसायन जमिनीत जाणार नाही. सोबत घणाचा फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून काढलेला. वर्गातल्या पोरांनी त्या फोटोवरून बरेच दिवस खिदळून घेतलं. पण त्या फोटोनंतर कागद हलला. त्यामुळे प्रस्ताव लिहितानाच सोर्सचं वर्णन सरळ मराठीत करा, वाचणारा माणूस भूभौतिकीचा नसतो. मधे एका टेबलावर अर्ज कितीतरी दिवस नुसता पडून होता आणि फोन केला की “साहेब दौऱ्यावर आहेत” हेच ऐकू यायचं. त्यावर उपाय मला तरी सापडला नाही. दर सोमवारी नम्रपणे फोन करत राहिले, एवढंच.

या काळात हातावर हात ठेवून बसू नका. काठाबाहेरची बरीचशी जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची आहे, तिथे मालकाची संमती पुरते. आमच्या बहुतेक रेषा तशाच निघाल्या. ऑक्टोबरमध्ये मी आणि माझा वर्गमित्र नुसते बघायला गेलो. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे सिंदखेडराजावरून एसटी. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती, हरभऱ्यासाठी जमीन तयार होत होती. गावातल्या पारावर बसून विचारलं तेव्हा कळलं की डिसेंबरच्या सुरुवातीला धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने केबल टाकता येईल, तूर काढायला आली की मात्र कुणी पाय ठेवू देणार नाही. पंचांगापेक्षा पीक बघून तारखा ठरवाव्यात.

आणि लाइट. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. जिओफोनला विजेच्या तारांची पन्नास हर्ट्झची गुणगुण ऐकू येते, आणि विहिरीवरची मोटर चालू असली तर काही बघायलाच नको. शेतीची थ्री-फेज लाइट काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची असते. ज्या आठवड्यात ती रात्रीची, त्याच आठवड्यात दिवसा जमीन शांत. हे वेळापत्रक शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. आम्ही तारखा त्यावरूनच नक्की केल्या.

नोव्हेंबरच्या शेवटी परवाना हातात आला, अटींसकट : सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी काम, सोबत वनरक्षक, झाडाला खिळा नाही, अहवालाची प्रत खात्याला. सगळ्या अटी रास्त होत्या. सामान नेण्यासाठी पुण्याहून गाडी ठरवली, कारण बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, केबलचे गुंडाळे आणि घण घेऊन एसटीत चढणं जमणारं नव्हतं. गाडी, लॉजच्या खोल्या, जेवण आणि मदतीला घेतलेल्या दोन गड्यांची मजुरी असं सगळं धरून चाळीस हजारांच्या आसपास खर्च आला. निम्मा विभागाच्या निधीतून मिळाला, तोही पावत्या लावल्यावर, मार्चमध्ये. गडी माणसांच्या मजुरीची पावती कशी आणायची हा प्रश्न पडेल. कोऱ्या व्हाउचरचं पुस्तक आणि एक रुपयाची रेव्हेन्यू तिकिटं सोबत न्या.

डिसेंबरचं काम म्हणजे पहाटे उठणं. नऊ-दहापर्यंत वारा पडलेला असतो, नंतर सुटतो आणि तुरीची झाडं हलायला लागली की त्यांच्या मुळांची थरथर जिओफोनमध्ये उतरते. उजाडताच टेप पसरून पाच-पाच मीटरवर खुणा करायच्या. मग एकेक जिओफोन रोवायचा. काळ्या मातीला डिसेंबरात तडे गेलेले असतात. तड्याच्या कडेला जिओफोनचा खिळा रोवला तर तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण ट्रेस, म्हणजे त्याच्या नोंदीची रेघ, येते लुळी. वरची भुसभुशीत माती पायाने सारून, खाली ओल लागेपर्यंत खुरपीने उकरून, तिथे टाचेने दाबून रोवायचा आणि वरच्या टोपीला बोटाने टिचकी मारायची. स्क्रीनवर त्या चॅनेलची रेघ उडाली की पुढे. काठाजवळ माती कमी आणि सुट्या दगडांचा खच जास्त, तिथे हा खिळा जातच नाही. मग दोन दगडांच्या मधली फट शोधून त्यात ओल्या मातीचा गोळा ठासून बसवला.

घणाच्या दांड्याला ट्रिगरचं बटण चिकटपट्टीने गुंडाळलेलं असतं. घण पाटीवर आदळला की यंत्राचं घड्याळ सुरू होतं. आमच्यातला एक गडी विहिरी फोडायच्या कामावर राहिलेला. त्याने पहिलाच घाव असा घातला की पाटी उसळून बाजूला पडली. पण उसळलेली पाटी दुसऱ्यांदा आदळते आणि एका घावाचे दोन होतात. त्यामुळे पाटी जमिनीत जरा रुतेपर्यंत आधीचे तीन-चार घाव नुसतेच मारायचे, मोजणी त्यानंतर. एका जागी दहा घाव घ्यायचे, यंत्र त्यांची बेरीज करतं. खरी लाट दरवेळी त्याच वेळेला येते म्हणून वाढत जाते, वाऱ्याचा आणि पावलांचा गोंगाट वेडावाकडा असतो म्हणून एकमेकांना मारतो. दहा घावांनी सिग्नल गोंगाटाच्या मानाने साधारण तिप्पट वर येतो. त्या दहा घावांत कुणी हलायचं नाही, बोलायचं चालतं. आम्ही “थांबाऽ” म्हणून ओरडायचो आणि बांधावरून जाणाऱ्या शेळ्या सोडून सगळे थांबायचे.

घाव ओळीच्या दोन्ही टोकांना, मधे, आणि दोन्ही बाजूंना ओळीच्या थोडं बाहेरही मारायचे. दोन्ही टोकांचे घाव इथे टाळून चालतच नाही, कारण खालचा पृष्ठभाग तिरका आहे. उताराच्या दिशेने लाट गेली की खालच्या थराचा वेग कमी भासतो, चढाच्या दिशेने गेली की जास्त. दोन्ही असतील तरच खरा वेग आणि उतार काढता येतो. दमलेल्या गड्याला परत दुसऱ्या टोकाला पाठवताना जीवावर येतं, तरी पाठवा.

ज्यांच्या शेतात दुसरी रेषा होती ते काका सकाळपासून धुऱ्यावर बसून बघत होते. शेवटी उठून आले. “ताई, काहून हाणून राहिले जमिनीले? पाणी सापडते काय त्यानं?” मी म्हटलं, पाणी नाही, दगड किती खोल आहे ते कळतं. “मंग हे पाहायले इतक्या दूरून आले? माही विहीर पाहा ना!”

विहीर बघितली, आणि त्या पूर्ण कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ती ठरली. बांधकाम न केलेल्या कच्च्या विहिरीचा काठ म्हणजे उघडा छेद. वर हातभर काळी माती. मग मुरूम आणि लहानमोठे दगड, कसलाही थर नाही, काही कोनदार, काही कुजलेले, एकमेकांत कोंबलेले. त्याच्या खाली सरळ रेघ आखल्यासारखा बदल : कुजका मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट), आणि तळाशी काळा पाषाण. वरचा सगळा माल विवरातून उडून आलेला, खालचा जागेवरचा. काका म्हणाले की खणताना वरचा भाग फावड्याने निघाला, मांजऱ्याला टिकाव लागली, पाषाणाला सुरुंग. माझ्यासाठी ते तीन वेग होते. दोरीला गाठी मारून खोल्या मोजल्या, वहीत लिहिल्या, आणि पुढच्या प्रत्येक रेषेजवळ आधी विहीर शोधायची असा नियम केला. बोअर कुठे घ्यायचा ते मात्र त्यांनी जाताना परत विचारलंच, आणि माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. तसं सांगितलं.

अभयारण्याच्या हद्दीतली एकच रेषा झाली, काठाच्या बाहेरच्या उतारावर. सोबतचे वनरक्षक सुरुवातीला घड्याळ बघत होते. दुपारनंतर तेच जिओफोन सरळ उभा आहे का ते तपासत होते.

पुढे जानेवारी-फेब्रुवारी लॅपटॉपसमोर गेले. प्रत्येक घावाच्या चोवीस रेघा, प्रत्येक रेघेवर लाट पहिल्यांदा कुठे उठते तो क्षण टिपायचा. जवळच्या जिओफोनवर तो स्वच्छ दिसतो, लांबच्यांवर गोंगाटात बुडालेला असतो आणि मनाला हवा तिथे दिसायला लागतो. म्हणून माझ्या मित्राने आणि मी वेगवेगळं टिपलं आणि मग ताडून पाहिलं. जिथे आमचा फरक जास्त आला, ते बिंदू सरळ टाकून दिले. मग काळ आणि अंतर यांचा आलेख. रेषेचा उतार बदलला की नवा थर.

वरची माती सेकंदाला तीन-चारशे मीटरच्या आसपास, मधला थर हजाराच्या वर, तळाचा त्याच्या कितीतरी पट जास्त. इथपर्यंत पुस्तकात असतं तसंच. अडचण पुढे होती. उडून आलेला दगडमातीचा थर आणि जागेवरचा कुजका मांजऱ्या, दोघांचे वेग एकमेकांवर चढतात. नुसत्या आलेखावरून त्यांच्यातली सीमा सांगताच येत नाही. जवळ विहीर असलेल्या रेषांवर ती सांगता आली, विहीर नसलेल्या रेषांवर मी तुटक रेघ काढून प्रश्नचिन्ह टाकलं.

दुसरी अडचण दख्खनच्या खडकाचीच. इथले लाव्हाचे थर एकावर एक बसलेले : घट्ट पाषाण, त्याच्या खाली पोकळ्यांचा कुजका भाग, कधी लाल मातीचा पट्टा, मग पुन्हा पाषाण. रिफ्रॅक्शनला वेग खाली वाढत जाणारा लागतो. वेगवान थराच्या खाली मंद थर असला तर लाट तिथून माथ्याकडे परतत नाही. तो थर आलेखात दिसत नाही, आणि त्याच्याखालच्या सगळ्या खोल्या चुकतात. काठाशी तर लाव्हाचे थर आघाताने वर उचलले आणि वाकवले गेलेत, तिथे ‘आडवे थर’ हे गृहीतकच डळमळीत. यावर थोडा उतारा म्हणजे त्याच नोंदींमधल्या पृष्ठलाटा वापरून मास्व (MASW) पद्धतीने शिअर वेग, म्हणजे खडक आडवा हलवत जाणाऱ्या लाटांचा वेग, काढणं, तिला खालचा मंद थर चालतो. आमचे जिओफोन चौदा हर्ट्झचे, त्याहून सावकाश कंपनं नीट न टिपणारे, त्यामुळे तीही फार खोल गेली नाही. साडेचार हर्ट्झचे मिळत असतील तर तेच मागा.

मग ठोकताळ्याचं काय झालं? काठापासून दूर जाताना थर पातळ होत जातो, हे स्पष्ट दिसलं. आठव्या हिश्श्याचा नियम जुळला असं मी लिहिलं नाही. पाऊस आणि नांगर हजारो वर्षं वरचा माल हलवत आलेत, आणि आर्गॉन पद्धतीने लोणारचं वय ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास निघतं. आज जे उरलंय ते मूळ जाडीपेक्षा कमी असणार, पण किती कमी, ते माझ्या चोवीस चॅनेलमधून निघत नाही. एप्रिलमधल्या व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. प्रश्नचिन्हांच्या तुटक रेघा त्यांना आवडल्या, आणि एका जागी मी सरळ रेघ का काढली यावर त्यांनी दहा मिनिटं घेतली.

मे महिन्यात अहवालाची प्रत खात्याला दिली, पोच घेतली. कुणाला पुढच्या हिवाळ्यात तळ्याच्या काठाने, विवराच्या आत रेषा घ्यायची असेल तर अर्ज जूनमध्येच टाका, घणाचा फोटो पहिल्याच अर्जाला जोडा, आणि जास्त लांब केबल मिळते का बघा. तळाच्या गाळात पाणी भिनलेलं, तिथे वेग पाण्याच्या दीड हजार मीटरच्या आसपास सुरू होईल आणि घण कमी पडेल. यंत्राने पाडलेल्या जड वजनाचा सोर्स लागेल, त्याची वेगळी परवानगी लागेल.